लोणारची फेरी : आधी उतार, मग चढ

लोणारच्या काठावर पहिल्यांदा उभ्या राहिलेल्या माणसाच्या तोंडून एक प्रश्न हमखास निघतो : "एवढंच तर आहे! खाली उतरून तळ्याला चक्कर मारून यायला असा कितीसा वेळ लागणार?"

समोरचा काठ स्वच्छ दिसत असतो. खाली झाडीच्या कोंदणात हिरवट पाणी आणि त्याच्या कडेला जुन्या देवळांची शिखरे. सगळे विवर एका नजरेत मावते, म्हणून ते एका तासातही मावेल असे वाटते. मंडळी दहा-साडेदहाला, नाश्ता वगैरे आटोपून, हातात एकेक बाटली घेऊन उतरायला लागतात. दुपारी एक वाजता त्यातलीच काही चढणीच्या मध्यावर, रिकाम्या बाटल्या घेऊन सावली शोधत बसलेली दिसतात.

बुलढाणा जिल्ह्यातले हे विवर पाहायला देशभरातून माणसे येतात. काठावरून फोटो काढून परतणारे पुष्कळ, आत उतरून पूर्ण फेरी करणारे त्यामानाने थोडे. ही फेरी फार अवघड नाही आणि सोपीही नाही. तिला किती वेळ लागतो याचे उत्तर शाळेतल्या गणिताने काढता येते. पण त्याआधी जमिनीचा आकार समजून घ्यायला हवा.

१. गडाची वाट आणि विवराची वाट

मराठी माणसाला डोंगरातले चालणे माहीत आहे ते गडांमुळे. राजगड असो की कळसूबाईचे शिखर, तिथला क्रम ठरलेला असतो. सकाळी ताज्या पायांनी चढायचे आणि दमल्यावर उतरायचे. मध्येच कुणाला झेपले नाही, तर तो मागे फिरतो. परतीची वाट उताराची असते आणि तिच्या शेवटी गाव असते.

लोणारला हा क्रम पूर्ण उलटा होतो. गाव वर आणि वाट खाली. ताज्या पायांना उतार मिळतो, चढ येतो तो थकल्यावर, उन्हे वर आल्यावर आणि पाणी संपत आल्यावर. मागे फिरायचे म्हटले तरी चढावेच लागते.

जिथून निघालो तिथेच परत आणणारी कोणतीही फेरी घ्या, तिच्यात एकूण चढ आणि एकूण उतार नेमका सारखा असतो. त्र्यंबकेश्वरची ब्रह्मगिरी फेरी असो, देवळाची प्रदक्षिणा असो की लोणारचे विवर, हा नियम चुकत नाही. फरक पडतो तो चढ आधी येतो की नंतर, यामुळे. लोणारमध्ये उतरणे म्हणजे किराणा दुकानातून उधारीवर सामान आणण्यासारखे आहे. घेताना काहीच जड वाटत नाही, हिशेब महिनाअखेरीस येतो.

शिवाय उतारही फुकट नसतो. उतरताना मांडीचे स्नायू ब्रेकचे काम करतात. शरीराचे वजन पुढे झेपावू नये म्हणून ते ताणलेल्या अवस्थेत भार पेलत राहतात. दम लागत नाही, त्यामुळे थकवा जाणवत नाही; पण तळाशी पोहोचल्यावर पाय किंचित थरथरतात. ती थरथर म्हणजे उधारीचा पहिला आकडा.

२. उतार इतका उभा का?

आता थोडी मोजदाद. विवराचा व्यास साधारण १.८ किलोमीटर, आतल्या तळ्याचा साधारण १.२ किलोमीटर. दोन्हींतला फरक ६०० मीटर, तो दोन बाजूंना वाटला की प्रत्येक बाजूला ३०० मीटर उरतात. काठापासून तळ्याच्या पाण्यापर्यंतची खोली सुमारे १३७ मीटर. म्हणजे जमिनीवर ३०० मीटर पुढे सरकताना माणूस १३७ मीटर खाली जातो. घराच्या जिन्यापेक्षा हा उतार थोडासाच कमी उभा आहे. एक मजला ३ मीटरचा धरला, तर हा जिना सुमारे ४५ मजल्यांचा होतो. त्यामुळेच पायवाटा सरळ खाली न जाता तिरप्या, वळणे घेत उतरतात. वाट लांबते, पण तिचा तीव्रपणा कमी होतो.

हा आकार आला कुठून? दख्खनच्या पठाराचा खडक बेसॉल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून लाव्हा पुन्हा पुन्हा वाहिला आणि एकावर एक थर साचत गेले. ताटात भाकऱ्यांची चवड रचावी तसे हे थर आहेत. त्या चवडीवर एक अशनी, म्हणजे अवकाशातून आलेला दगड, प्रचंड वेगाने आदळला. आदळताच स्फोट झाला आणि खडकाचा चुरा वर उडून चहूबाजूंना पडला. काठाचे थर मात्र उचलले जाऊन बाहेरच्या अंगाला कलले. चवडीच्या खालून बोट घुसवून वर ओढले, तर भोकाच्या कडेच्या भाकऱ्या जशा उलथून बाहेर वळतील, तसे.

यावरून चालणाऱ्याला दोन गोष्टी कळतात. एक, विवराची आतली भिंत उभी आहे, कारण ती फाटून तयार झाली. दोन, बाहेरचा उतार अगदी सौम्य आहे, कारण तो उडालेल्या मालाच्या पसरण्याने बनला. काठ भोवतालच्या शेतजमिनीपेक्षा सुमारे २० मीटरच उंच आहे. गाडीतून येणाऱ्याला हा चढ जाणवतसुद्धा नाही. एवढ्या सपाट मुलखात एकदम पायांखाली खड्डा उघडतो, याचे कारण हेच.

हे विवर ज्वालामुखीचे की अशनीचे, हा वाद बराच काळ चालला. सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८२३ मध्ये त्याची नोंद केली. भोवती सगळा लाव्ह्याचाच खडक असल्याने विवरही ज्वालामुखीचेच असणार, असे पुष्कळांना वाटत होते. तळाशी बोअर घेऊन काढलेल्या नमुन्यांत मॅस्केलिनाइट सापडले आणि १९७३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या शोधनिबंधाने अशनीची बाजू पक्की केली. मॅस्केलिनाइट म्हणजे न वितळता, केवळ जबरदस्त धक्क्याने काच झालेले खनिज. ज्वालामुखी असा धक्का देऊ शकत नाही. वयाचा प्रश्न मात्र अजून चर्चेत आहे. आधीच्या एका मोजणीने सुमारे ५२ हजार वर्षे सांगितली, तर २०१० मधल्या मोजणीने सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे. बेसॉल्टच्या खडकात झालेले आणि इतके नीट टिकलेले विवर पृथ्वीवर दुर्मीळ आहे. चंद्राचा काही भाग आणि मंगळाचा पृष्ठभागही बऱ्याच अंशी बेसॉल्टचा असल्याने तिथली विवरे समजून घ्यायला अभ्यासक लोणारला येतात. चालणाऱ्याच्या बुटाखाली येणारा काळा खडा हा त्याच अभ्यासाचा विषय असतो.

३. धारेपासून तळ्यापर्यंत

गावाच्या बाजूने उतरायचे तर सुरुवात धारेपासून होते. गोमुखातून पडणारी ही धार बारमाही आहे. तीर्थ म्हणून लोक इथे स्नान करतात आणि मगच खाली जातात. वऱ्हाडच्या कोरड्या मुलखात, तेही काठाच्या इतक्या वर, उन्हाळ्यातही पाणी कसे? उत्तर पुन्हा त्या चवडीत आहे. पावसाचे पाणी बेसॉल्टच्या सच्छिद्र आणि भेगाळलेल्या थरांतून मुरत खाली जाते. घट्ट थर आडवा आला की ते आडवे सरकू लागते. विवराने हे थर मधोमध कापले आहेत, त्यामुळे सरकत आलेले पाणी भिंतीतून बाहेर पडते.

धारेनंतर झाडी सुरू होते. साग, चिंच, सीताफळ, बाभूळ. पाऊस संपल्यावर काही आठवडे ही झाडी इतकी दाट असते की वरून सतत दिसणारे तळे आत शिरताच दिसेनासे होते. मोरांचा केकारव येतो, वानरे फांद्यांवरून पाहत असतात. फेब्रुवारीनंतर पाने गळतात. वाट सोपी दिसू लागते, पण सावली गेलेली असते. हा सगळा भाग अभयारण्य आहे. २०२० मध्ये लोणारला रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, स्थान मिळाले. त्यामुळे कोणत्या वाटा खुल्या आहेत, हे उतरण्याआधी वनविभागाकडे विचारून घ्यावे.

खाली पोहोचल्यावर झाडी एकाएकी संपते. पाण्याच्या कडेचा पट्टा जवळजवळ उघडा असतो. कोरड्या दिवसांत तिथे पांढरी खपली धरलेली दिसते. पाय पडला की ती पापडासारखी मोडते आणि खालून काळा, चिकट चिखल वर येतो. त्याला सडक्या अंड्यासारखा वास असतो. हवा न पोहोचणाऱ्या चिखलातले जिवाणू गंधकाचा वायू सोडतात, त्याचा हा वास. पहिल्यांदा येणारा नाक दाबून दोन पावले मागे सरतो. चालणाऱ्याच्या दृष्टीने वासापेक्षा चिखल महत्त्वाचा, कारण खपली वरून घट्ट दिसते पण वजन पेलत नाही. पाऊल झाडीकडच्या दगडाळ बाजूनेच टाकावे.

काठालगत जुनी देवळे आहेत. त्यांत कमळजा देवीचे स्थान मोठे. नवरात्रात तिच्या यात्रेला माणसे विवर उतरून येतात, त्यांत नऊवारीतल्या, हातात ओटीचे सामान घेतलेल्या आजीबाईही असतात. वर गावात दैत्यसूदनाचे देखणे देऊळ आहे. विष्णूने लवणासुराला इथेच मारले, ही कथा लोणारच्या नावाशीही जोडलेली आहे. लवण म्हणजे मीठ. कथेतला असुर आणि तळ्यातला खार एकाच शब्दात आले आहेत.

४. पाणी आत येते, बाहेर जात नाही

धारेचे पाणी गोडे, मग खाली तळे खारे कसे?

चुलीवर आमटी आटत ठेवली की ती खारट होत जाते. वाफ होऊन जाते ते फक्त पाणी, मीठ भांड्यातच राहते. लोणारचे विवर हे असेच भांडे आहे. पावसाचे आणि झऱ्यांचे पाणी खडकातले क्षार थोडे थोडे विरघळवून आत आणते. बाहेर जायला नदी नाही, ओढा नाही. ऊन पाणी उडवते, क्षार मागे राहतात. हजारो वर्षे हेच चालू आहे.

हे क्षार मुख्यतः सोड्याच्या जातीचे आहेत, म्हणून पाणी नुसते खारट नाही, तर अल्कधर्मी आहे, म्हणजे साबणासारखे बुळबुळीत. हे मोजायला पीएच नावाची पट्टी वापरतात. शुद्ध पाणी ७ वर, लिंबाचा रस २ च्या आसपास. पट्टीवरचे एकेक घर म्हणजे दहापट फरक. लोणारचे पाणी १० च्या आसपास असते. ७ पासून तीन घरे वर, म्हणजे दहा गुणिले दहा गुणिले दहा, हजारपट. तहान लागली तरी हे पाणी तोंडाला लावण्याजोगे नाही.

एके काळी याच क्षारांवर लोणारचा व्यापार चाले. दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी त्यांच्या प्रकारांना नावे होती. काच आणि साबण करायला ते जात.

जून २०२० मध्ये हे तळे गुलाबी झाले आणि जगभरच्या वर्तमानपत्रांत झळकले. पाणी कमी होऊन खारटपणा वाढला की हॅलोआर्किया नावाचे खारप्रेमी सूक्ष्मजीव फोफावतात, त्यांच्या अंगात गुलाबी रंगद्रव्य असते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत नमुने तपासले गेले आणि हेच कारण पुढे आले. पाऊस पडला, पाणी वाढले आणि रंग ओसरला.

चालणाऱ्याला यातून एक सरळ गोष्ट कळते. तळ्याची पातळी कायम एकच नसते. एका वर्षी कोरडा असलेला किनारा पुढच्या वर्षी पाण्याखाली असू शकतो आणि त्याबरोबर फेरीची वाटही. म्हणून मागच्या वर्षी जाऊन आलेल्या मित्राच्या भरवशावर न राहता त्याच आठवड्यातली खबर घ्यावी.

५. मग वेळ किती?

विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक ठोकताळा मांडला. दर ५ किलोमीटर चालीला एक तास, आणि वर दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. म्हणजे १०० मीटर चढाला १० मिनिटे. जगभरचे डोंगरवाटसरू अजूनही हिशेबाची सुरुवात इथूनच करतात.

लोणारला तो लावून पाहू. तळ्याचा व्यास १.२ किलोमीटर, त्याला ३.१४ ने गुणले की परीघ सुमारे ३.८ किलोमीटर. काठाची वळणे धरून ४ म्हणू. उतरायची तिरपी वाट १ किलोमीटर आणि चढायची १ किलोमीटर धरली, तर एकूण ६ किलोमीटर.

सहा किलोमीटरला ७२ मिनिटे. १३७ मीटर चढाला १४ मिनिटे. बेरीज ८६ मिनिटे, म्हणजे जेमतेम दीड तास.

काठावरच्या माणसाचा अंदाज खरा ठरला म्हणायचा? नाही. नेस्मिथचा आकडा चांगल्या वाटेवर न थांबता चालणाऱ्या धडधाकट माणसासाठी आहे. तळ्याकाठी दगड आहेत, चिखल आहे, अंगावर येणारी काटेरी झुडपे आहेत. अशा वाटेला दीडपट वेळ धरतात. ८६ चे दीडपट १२९ मिनिटे. तीन ठिकाणी वीस-वीस मिनिटे देवळे पाहायला आणि बसायला, म्हणजे आणखी ६०. एकूण १८९ मिनिटे. तीन तास आणि वर दहा मिनिटे. सोबत लहान मुले किंवा वयस्क असतील तर चार तास.

काठावरून विवराची बाहेरची फेरी हा वेगळा पर्याय. व्यास १.८ किलोमीटर, म्हणून परीघ सुमारे ५.७ किलोमीटर. आतल्या फेरीइतकेच अंतर, पण ४५ मजल्यांचा जिना नाही. दोन तास पुरतात.

६. मागून पुढे मोजलेली सकाळ

लोणारच्या फेरीची वेळ शेवटापासून ठरवावी. चढण ऊन तापण्याआधी संपायला हवी. भोवतीच्या भिंती वारा अडवतात आणि काळा दगड ऊन धरून ठेवतो, त्यामुळे वर सुखद वाटणारी दहाची वेळ आत घामाने निथळवते. नोव्हेंबरात दहाला वर पोहोचायचे, तर तीन तास दहा मिनिटे वजा करून पावणेसातला पहिली पायरी उतरायला हवी. सूर्योदय त्या दिवसांत साडेसहाच्या सुमारास होतो. गणित नेमके बसते, आणि त्यासाठी आदल्या रात्रीचा मुक्काम लोणारलाच हवा. पाऊस ओसरल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचे महिने चांगले. एप्रिल-मेमध्ये वऱ्हाडचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा आत न उतरणेच योग्य.

पाण्याचा हिशेब असा : थंडीत चालणाऱ्याला ताशी अर्धा लिटर. तीन तासांचे दीड, राखीव अर्धा, म्हणजे माणशी २ लिटर. त्यातली अर्ध्या लिटरची बाटली वेगळी बांधून ठेवावी आणि चढण सुरू होईपर्यंत तिला हात लावू नये. लिंबू, साखर, मीठ घातलेले पाणी सर्वांत उत्तम.

गोल वाटेची आणखी एक खोड असते. निम्म्यापर्यंत मागे फिरणे जवळचे, निम्म्यावर दोन्ही वाटा सारख्या, त्यापुढे मागे फिरणे दूरचे. म्हणून निर्णय पहिल्या तिसऱ्या हिश्शातच घ्यायचा. तळ्याकाठचे पहिले सव्वा किलोमीटर चालायला पाऊण तासाहून जास्त लागला, किनारा पाण्याखाली दिसला, किंवा सोबतचे कुणी गप्प होऊन मागे पडू लागले, तर आल्या वाटेने परतावे. डोके दुखणे, मळमळणे, अंगावर काटा येणे ही उन्हाची पहिली लक्षणे. अशा माणसाला सावलीत बसवून, ओल्या कापडाने अंग पुसून, घोट घोट पाणी द्यावे. बोलण्यात असंबद्धपणा आला तर ते दवाखान्याचे काम, तिथे वेळ घालवू नये.

७. चढण

यात्रेला आलेल्या आजीबाई चढतात कशा, हे पाहण्यासारखे असते. त्यांची पावले लहान असतात. मागचा पाय सरळ झाला की त्या क्षणभर त्यावर वजन टाकतात आणि मग पुढचा उचलतात. वेग इतका कमी की शेजारून तरुण मुले धावत पुढे जातात. वीसेक पायऱ्यांनी ती मुले कमरेवर हात ठेवून धापा टाकत उभी असतात आणि आजी त्याच चालीने त्यांना ओलांडतात. यामागे साधे शरीरशास्त्र आहे. सरळ पायावर उभे राहिले की भार हाडांवर जातो, स्नायूंना तेवढ्यापुरती विश्रांती मिळते. चढताना बोलता येत असेल तर वेग बरोबर आहे, शब्द तुटू लागले की जास्त आहे.

ज्याला पाच-सहा मजले थांबत थांबत चढता येतात आणि गुडघ्याची तक्रार नाही, त्याला दोन-तीन महिने रोज तासभर चालण्याची सवय ठेवली तर ही फेरी झेपते. हृदयाचा किंवा गुडघ्याचा त्रास असलेल्यांनी काठाची फेरी करावी. बाहेरच्या अंगाला कललेले थर, तळ्याचा रंग, झाडीचे कोंदण हे सगळे तिथून दिसते.

वर येणाऱ्या प्रत्येकाच्या पिशवीत मात्र उतरताना होते तेवढे सगळे असायला हवे. रिकामी बाटली, बिस्किटाचा कागद, प्रसादाची प्लास्टिकची पिशवी. दगड किंवा खाराचा खडा आठवण म्हणून उचलू नये. गडावर टाकलेला कचरा निदान पावसात वाहून दरीत तरी जातो. लोणारच्या तळ्याला बाहेर जाणारा एकही ओढा नाही. तिथे पडलेली बाटली तिथेच राहते.